वीस मायक्रोग्रॅम

"मॅडम, बाटली रिकामी आली आहे." हे वाक्य मी तोंडात तयार करून ठेवलं होतं आणि ते सांगायला हेर्लेकर मॅडमच्या खोलीकडे निघालेही होते. आवाजात जरा तोरा होता, उगाच खोटं कशाला बोलू? परदेशी कंपनीने फसवलं आणि ते मी पकडलं, असा तो तोरा होता. बाटलीबरोबर आलेला घडीचा कागद हातात होता. मॅडम विचारतील म्हणून तो चालता चालता उघडला आणि दारापासून चार पावलांवर माझे पाय थांबले.

कागदावर लिहिलं होतं की पदार्थ इतका थोडा आहे की तो डोळ्यांना दिसणार नाही. प्रवासात तो टोपणाला किंवा काचेला चिकटून बसलेला असू शकतो. म्हणून उघडण्याआधी बाटली सेंट्रिफ्यूजच्या यंत्रात गरगर फिरवून घ्यावी, म्हणजे सगळं तळाशी बसेल.

मी पाच मिनिटांपूर्वी काय केलं होतं ते सांगते. टोपण काढलं, बाटली ट्यूबलाइटसमोर धरली, आत काही दिसेना. मग टेबलावर बटर पेपर पसरला, त्यावर बाटली उलटी केली आणि बोटाने टकटक टकटक झटकली. टोपणालाही नखाने टिचक्या मारल्या. कागदावर काही पडलेलं दिसलं नाही, तेव्हा कागदाचा बोळा करून बादलीत टाकला. डोक्यावर पंखा पाचवर फिरत होता.

मी रसायनशास्त्राची. सांगलीच्या कॉलेजात दोन वर्षं आम्ही पांढऱ्या भुकट्या बटर पेपरवर ओतून वजन केल्या होत्या. बाटलीत जे असतं ते दिसतं, हलवलं की वाजतं, उलटं केलं की पडतं, एवढंच मला ठाऊक होतं.

मॅडमच्या दारापासून मी मागे फिरले आणि अक्षरशः धावले. बादली रिकामी होती. पुतळाबाई, आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशी, हात पुसत आत येत होत्या.

"मावशी, बादलीत एक कागद होता..."

"त्यो व्हय? आत्ताच भट्टीत टाकून आले की सगळं. कागुद, हातमोजं, समदं."

"आत्ताच?"

"आत्ताच म्हंजे आत्ताच. धूर बघा की खिडकीतनं." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "सोनं हुतं का काय त्यात? तोंड किती पांढरं पडलंय तुमचं, ताई."

मी नुसती मान हलवली. त्यांनी ती 'नाही' अशी घेतली आणि त्या भांडी घासायला गेल्या.

ही गोष्ट दोन हजार तीन सालची, मिरजेची. संस्था लहान होती, तिचं नाव घेत नाही. मी जतची, उज्ज्वला ऐनापुरे, वय तेवीस, नोकरी लागून अकरा आठवडे झालेले. डॉ. नलिनी हेर्लेकरांचा विषय होता माणसाचं जठर. जठराचं आतलं अस्तर रोज झिजतं, सोलवटतं, आणि ते सांधायला जठर स्वतःच एक प्रथिन तयार करतं. हे प्रथिन एकट्याने, दुसऱ्या कशाची मदत नसताना जखम भरू शकतं का, या एका प्रश्नावर मॅडमनी सहा वर्षं घालवली होती. 'भरतं' असं त्यांना वाटत होतं. पण आजवर त्यांना मिळालेलं प्रथिन शुद्ध नव्हतं, त्यात दहा भानगडी मिसळलेल्या असायच्या. आता एका कंपनीने माणसाचं ते जनुक जंतूंच्या पेशीत बसवून, जंतूंकडून ते प्रथिन करवून घेऊन, गाळून, वाळवून विकायला काढलं होतं. अगदी शुद्ध. 'फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी' अशी चिठ्ठी लावलेली, करंगळीच्या पेराएवढी एक बाटली. तिच्यात वीस मायक्रोग्रॅम. मीठ चिमटीत घेतलं तरी त्यात असे हजारो हिस्से भरतील. ती बाटली मिळवायला पाच महिने लागले होते, आणि संशोधन समितीची बैठक आता तीन आठवड्यांवर आली होती.

समितीसमोर मॅडम दोन गोष्टी करणार होत्या. स्वतःचं उत्तर सांगणार होत्या, आणि माझ्या पीएच.डी.च्या नोंदणीच्या फॉर्मवर सही करणार होत्या. घरात शिकलेली मीच पहिली. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, जतमध्ये आताच लोकांना सांगायला सुरुवात केली होती की आमची उजी डॉक्टर होणार, सुईवाली नव्हे, पुस्तकवाली.

आणि मॅडमची भीती? ती आधीपासूनच होती. त्या कधी ओरडत नसत, त्याचंच भय जास्त वाटे. माझ्याआधी त्यांच्याकडे एक मुलगा होता. त्याने वहीतले दोन आकडे मागाहून सुधारले. मॅडमनी वही मिटून कपाटात ठेवली आणि "उद्यापासून येऊ नकोस" एवढंच म्हणाल्या. हे मला पहिल्याच दिवशी पुतळाबाईंनी सांगितलं होतं.

मी बाटलीकडे पाहत उभी राहिले. थोडंसं तरी काचेला चिकटून राहिलं असेल, अशी आशा धरली. कागदात सांगितल्याप्रमाणे मोजून बफर, म्हणजे विरघळवायचं द्रावण, घातला, टोपण लावलं, हळूहळू कलंडवत काच आणि टोपण दोन्ही धुऊन घेतलं. मग ते पाणी, हो, मला तेव्हा ते पाणीच वाटत होतं, दहा छोट्या नळ्यांत वाटून फ्रीझरमध्ये ठेवलं. सगळं अगदी नीट केलं.

मग वही समोर ओढली.

मॅडमच्या वहीचे नियम होते. काम करता करता लिहायचं, शाईने लिहायचं, वेळ टाकायची. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, पान फाडणं तर नाहीच. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही-तारीख. "खालचं वाचता आलं पाहिजे," असं त्या म्हणत. "पुढे कुणाला तरी ते लागतं."

मी लिहिलं: 'उघडण्यापूर्वी बाटली दोन मिनिटे फिरवली. ११.२०.'

वेळसुद्धा टाकली. खोटं लिहायचं ठरवलं तर माणूस किती नीटनेटकं लिहितो!

संध्याकाळी मॅडमच्या चपलांचा आवाज आला. त्या वही घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. हिरव्या शाईचं पेन हातात. त्या ओळीपाशी त्यांची नजर थांबली.

"फिरवलीस? बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, आणि चक्क हसल्या. "केमिस्ट्रीच्या मुली बाटली थेट उघडतात. तुला सांगायचं माझ्या डोक्यातून गेलं. दुपारभर मीटिंगमध्ये बसून मला तीच धाकधूक. आता उज्ज्वलाने बटर पेपर घेतला असेल, आता घेतला असेल."

तो क्षण मला अजून दिसतो. कबुलीचं दार त्यांनीच उघडून धरलं होतं. 'मॅडम, घेतला होता' एवढंच म्हणायचं होतं. ती ओळ अजून एका रेघेने खोडता आली असती; मग उरला असता तो नुसता वेंधळेपणा, आणि त्यातला निम्मा त्यांनी आपल्याकडे घेतलाही होता.

"कागदावर लिहिलं होतं, मॅडम," मी म्हणाले.

हे खरंच होतं. कागदावर लिहिलेलं होतंच की.

त्यांनी पानाखाली हिरवी सही केली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. प्रयोग साधा होता. प्लेटच्या खळग्यांमध्ये जठराच्या पेशींची चादर वाढवायची आणि पिपेटच्या टोकाने तिच्यावर सरळ ओरखडा काढायचा. ही झाली जखम. पहिल्या खळग्यात काहीच घालायचं नाही. दुसऱ्यात, ज्याने पेशी नक्की सरकतात हे माहीत आहे, असं औषध घालायचं. तिसऱ्यात आपलं प्रथिन. चोवीस तासांनी पाहायचं, कुठली जखम किती भरली.

पहिल्या सकाळी मी मायक्रोस्कोपला डोळा लावण्याआधी देवाचं नाव घेतलं. दुसऱ्या खळग्यातला ओरखडा जवळजवळ बुजला होता. पहिल्यातला जसाच्या तसा. तिसऱ्यातला पहिल्यासारखा, जुळ्या भावासारखा.

"हं," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा लाव."

पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उरलेल्या सगळ्या नळ्या वापरल्या. पुन्हा तेच.

मला जेवण जाईना. पोटात सारखी आग पडलेली असे. जठराच्या जखमा भरायच्या प्रयोगात माझ्याच जठराला जखम होणार, असं वाटे आणि त्याचंही हसू येत नसे. मॅडमच्या चपला वाजल्या की हातातली वस्तू खाली ठेवावी लागे. पुतळाबाई एकदा म्हणाल्या, "ताई, त्या दिसापास्नं तुम्ही भुतानं धरल्यागत करताय." मी दचकून म्हटलं, "कुठल्या दिवसापासून?" त्या बादली उचलून गेल्या. त्यांना ठाऊक आहे असं वाटून दोन दिवस मी त्यांनाही टाळलं.

बैठकीच्या आदल्या दुपारी मॅडम माझ्या टेबलापाशी स्टूल ओढून बसल्या. त्या कधी अशा बसत नसत.

"नाही तर नाही," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं मी चुकीच्या दाराशी उभी होते, असं म्हणायचं. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण दिल्लीत दोघं जण हेच करायला निघालेत. आपलं वाचून त्यांची चार-पाच वर्षं तरी वाचतील. निष्कर्ष लिही."

"मी?"

"प्रयोग तू केलास."

मी लिहिलं: 'परिणाम नाही.' त्यांनी सही केली. मग फाइलमधून माझा नोंदणीचा फॉर्म काढला, त्यावर हिरव्या शाईने दुसऱ्या दिवशीची तारीख घातली आणि म्हणाल्या, "सही उद्या समितीसमोर करते. त्यांनाही कळू दे कुणाच्या हातांनी काम झालं."

आतापर्यंत मला भीती होती ती पकडलं जाण्याची. त्या दुपारी ती उलटली. मला कुणी पकडणारच नव्हतं. माझ्या एका ओळीवर मॅडमनी हिरवी सही केली होती, उद्या समिती करणार होती, आणि दिल्लीतली दोन माणसं, ज्यांची नावंही मला माहीत नव्हती, आपलं काम बांधून ठेवणार होती. हे मला कुणीच थांबवणार नव्हतं, आणि त्या भीतीने पहिली भीती अगदी लहान करून टाकली. तरीही मी गप्प बसले. इतकी मी घाबरट होते.

शुक्रवारी अकराला बैठक सुरू झाली. समितीचे तिघे होते. अध्यक्ष डॉ. बाम, वयस्क, हळू बोलणारे. पुतळाबाईंनी चहा ठेवला. मॅडमनी पडद्यावर तिन्ही ओरखड्यांचे फोटो दाखवले आणि सहा वर्षांचं काम सात मिनिटांत संपवलं.

"एक शंका," डॉ. बाम म्हणाले. "प्रथिनच खराब नसेल ना? प्रवासात वगैरे?"

"वाळवलेलं होतं, इतक्यात खराब होत नाही. आणि बाटली नियमाप्रमाणे उघडली, नियमाप्रमाणे विरघळवली." मॅडमनी वही पुढे सरकवली. "पान एकेचाळीस. हिच्या हाताची मी खात्री देते."

डॉ. बामांनी पान उलटायला बोट ओलं केलं.

"मी बाटली फिरवली नव्हती," कुणीतरी म्हणालं. तो माझाच आवाज होता, पण कानाला तो परक्या बाईचा वाटला.

सगळे वळले. मी उभी होते. कधी उठले ते आठवत नाही.

"काय म्हणालीस?" मॅडमनी विचारलं.

"फिरवली नव्हती. पान एकेचाळीसवरची ती ओळ खोटी आहे."

"मग काय केलंस?"

"बटर पेपरवर उलटी केली. झटकली. टोपणसुद्धा."

"पंखा?"

"चालू होता."

समितीतले एक जण फिसकन हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू राखाडी होत गेला आणि मला वाटलं, आता ते तीन शब्द येणार. उद्यापासून येऊ नकोस. मी टेबलाची कड धरली. आप्पा डोळ्यांसमोर आले, कुणाला तरी काहीतरी सांगत असलेले.

मॅडमनी डॉ. बामांच्या हाताखालून वही ओढून घेतली, पान एकेचाळीस उघडलं आणि आपलं हिरवं पेन माझ्यापुढे धरलं.

"खोड."

"इथे?"

"इथेच. एक रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे."

मी रेघ मारली. ती वाकडी आली. सही केली, तारीख टाकली. त्यांनी पानं उलटली आणि 'परिणाम नाही' वर बोट ठेवलं. तिथेही मारली.

"सर," मॅडम डॉ. बामांना म्हणाल्या, "मला आज विषय बंद करता येणार नाही. माझ्याकडे उत्तर नाही." मग त्यांनी माझा फॉर्म उचलला, तारखेकडे एकदा पाहिलं, आणि तो सही न करताच फाइलमध्ये ठेवून दिला.

सगळे गेल्यावर मी दाराशी थांबले. विचारायचा धीर नव्हता आणि न विचारता घरी जायचाही नव्हता.

"मॅडम, उद्या..."

"साडेनऊला," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "नेहमीसारखी."

जिन्यात पुतळाबाई कपबश्यांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "त्यो कागुद मीच जाळला, ताई," त्या म्हणाल्या. "वाईच दम धरला असता तर." मी जिन्यातच बसले आणि मोठ्याने रडले. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि माझं डोकं आपल्या पदरात घेतलं. पदराला साबणाचा आणि धुराचा वास येत होता.

दुसरी बाटली यायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मॅडम माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलल्या नाहीत. आप्पांना मी सांगितलं, नोंदणी लांबली. का, ते सांगितलं नाही.

बाटली आली त्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी आल्या, भिंतीपर्यंत गेल्या आणि स्वतःच्या हाताने पंख्याचं बटण बंद केलं. मी बाटली फिरवली. उघडली. आत नेहमीसारखं काहीच दिसलं नाही. या वेळी मला त्या काहीच-नाहीची अशी धास्ती बसली होती की बफर घालताना मी श्वासही घेत नव्हते.

ओरखडे काढले. चोवीस तासांनी सकाळी आम्ही दोघी मायक्रोस्कोपपाशी उभ्या होतो. आधी त्यांनी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग बाजूला झाल्या.

दुसऱ्या खळग्यातला ओरखडा बुजला होता. तिसऱ्यातला तसाच होता. पहिल्यासारखा.

तीनदा लावला. तिन्ही वेळा तेच.

माझ्या मनात काय आलं ते सांगायला आजही लाज वाटते. मनात आलं, मी गप्प बसले असते तरी हेच. सात महिने, ती बैठक, आप्पांशी लपवाछपवी, सगळं फुकट.

"तेच आलं, मॅडम," मी म्हणाले.

"तेच कसं?" त्यांचा आवाज चढला. त्यांचा आवाज चढलेला मी त्या एकाच वेळी ऐकला. "त्या वेळी आपण पेशींना विचारलंच नव्हतं. आता विचारलं, आणि त्या नाही म्हणाल्या." डोळ्यांत पाणी होतं. सहा वर्षांचं होतं ते, आता सातवं लागलेलं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "लिही."

मी वही उघडली. वाकड्या हिरव्या रेघेखाली 'परिणाम नाही' स्वच्छ वाचता येत होतं. काही पानं पुढे जाऊन मी तेच दोन शब्द पुन्हा लिहिले. त्यांनी सही केली आणि खालीच त्या पहिल्या पानाचा क्रमांक टाकला, म्हणजे वाचणाऱ्याने दोन्ही पाहावं.

मग त्या आपल्या खोलीत गेल्या आणि फाइल घेऊन आल्या. माझा फॉर्म तसाच होता, वर सात महिन्यांपूर्वीच्या शुक्रवारची तारीख. त्यांनी तिच्यावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी त्या दिवसाची तारीख घातली आणि सही केली.

विद्यापीठातल्या क्लार्कने फॉर्मवर खाडाखोड आहे म्हणून तो परत पाठवला. मी नवा फॉर्म आणला, पण मॅडमनी तो भरू दिला नाही. जुनाच पुन्हा पाठवला.